रेझ्युमे कधी पाठवायचा? गोव्यात नोकरी शोधताना पाळायचा क्रम

"दहा ठिकाणी रेझ्युमे दिला, एकाचाही फोन नाही." पदवीचा निकाल लागला की ही तक्रार घराघरांत ऐकू येते. कुणी ती माझ्याकडे घेऊन आलं, तर मी रेझ्युमे नंतर बघते. तो कुणाला, कुठल्या वाटेने आणि कधी पाठवला, हे आधी विचारते. उत्तरं ठरलेली असतात. जाहिरात अर्धी वाचून त्याच मिनिटाला मोबाईलवरून पाठवला. काकांच्या व्हॉट्सॲपवर टाकून ठेवला. शेवटच्या तारखेला रात्री उशिरा पोर्टल उघडलं. सरकारी खात्याला टपालाने धाडला, जिथे तो कुणी मागितलाच नव्हता.

रेझ्युमे कसा लिहावा, यावर सल्ल्यांची कमी नाही. तो हातातून कधी सोडावा, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही, आणि मुलं अडतात ती तिथेच. खालचे टप्पे त्यासाठी आहेत. पहिले चार टप्पे घरी बसून करायचे आहेत. ते होईपर्यंत रेझ्युमे नोकरीसाठी कुणालाही पाठवू नका.

१. यांनी रेझ्युमे मागितलाय का, ते आधी बघा

जाहिरात दोनदा वाचा. पहिल्यांदा पद आणि पात्रता बघा, दुसऱ्यांदा फक्त अर्ज कसा करायचा तेवढंच. गोव्यात नोकरी साधारण पाच वाटांनी येते आणि प्रत्येक वाटेवर रेझ्युमे द्यायची वेळ वेगळी असते.

वर्तमानपत्रातल्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरच्या जाहिरातीत ईमेल दिला असेल, तर रेझ्युमे सुरुवातीलाच जातो. नोकरीच्या पोर्टलवर आधी प्रोफाइल भरायचं असतं आणि रेझ्युमे त्याला जोडायचा असतो. प्रोफाइल अर्धवट ठेवून नुसती फाइल चढवली तर उपयोग होत नाही. थेट मुलाखतीला तो छापून हातात न्यायचा. ओळखीतून कळलेल्या जागेसाठी आधी बोलणं आणि मग रेझ्युमे. लोकसेवा आयोग किंवा कर्मचारी निवड आयोगाच्या भरतीत ऑनलाइन अर्ज हाच सगळा व्यवहार असतो, तिथे रेझ्युमेला काम नाही.

वाट ओळखली की जाहिरातीतल्या चार गोष्टी कागदावर उतरवा: पदाचं नेमकं नाव, शेवटची तारीख, पाठवायचा पत्ता, आणि ईमेलच्या विषयात काही लिहायला सांगितलं असेल तर ते. "विषयात पदाचा क्रमांक लिहावा" असं स्पष्ट सांगूनही निम्मे जण तो लिहीत नाहीत. जिथे एकाच ईमेलवर चार पदांचे अर्ज येतात, तिथे क्रमांक नसलेला ईमेल कुठल्या गठ्ठ्यात टाकायचा हे उघडणाऱ्याला कळत नाही.

तपासा: कंपनीचं नाव, गाव आणि कामाचं स्वरूप यांतलं काहीच जाहिरातीत नसेल, तर रेझ्युमे पाठवायची वेळ अजून आलेली नाही. फोन करून विचारा. "आधी पाठवा, मग सांगतो" असं उत्तर आलं तर सोडून द्या. तुमचा पत्ता, फोन आणि जन्मतारीख कुणाच्या हाती जाते, याला महत्त्व आहे.

२. दाखले समोर ठेवून रेझ्युमे भरा

आठवणीने भरलेला रेझ्युमे हमखास चुकतो. बारावी कुठल्या वर्षी, कितव्या सेमिस्टरला किती टक्के, अप्रेंटिसशिप कुठल्या महिन्यात संपली, हे सगळं मार्कशीट आणि प्रमाणपत्रं समोर पसरून लिहा. मुलाखतीला मूळ कागद मागतात तेव्हा एका वर्षाचा फरकही नजरेत भरतो, आणि मग तुम्ही खोटं लिहिलंत की चुकून, याचा खुलासा करत बसावं लागतं.

आपल्याकडे आणखी एक भानगड असते, आडनावाच्या स्पेलिंगची. जन्मदाखल्यावर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आधारवर तिसरं. रेझ्युमेवर दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव वापरा आणि तेच सगळीकडे ठेवा. दुरुस्ती करून घ्यायची असेल तर ती आत्ताच सुरू करा. नेमणुकीचं पत्र हातात आल्यावर त्यासाठी धावपळ केली, तर रुजू व्हायची तारीख हुकते.

फोन नंबरचंही नीट बघा. सत्तरी, सांगे, काणकोणच्या आतल्या गावांत घरी रेंज नसते हे आपल्याला माहीत आहे, पण वेर्ण्याच्या कंपनीत बसून फोन लावणाऱ्याला माहीत नसतं. दोनदा "संपर्क क्षेत्राबाहेर" ऐकलं की तो यादीतल्या पुढच्या नावाकडे वळतो. म्हणून घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी, रेंजमध्ये असणारा नंबरही द्या. आणि त्या माणसाला सांगून ठेवा की अशा अशा कंपनीचा फोन येऊ शकतो, आला तर नाव, नंबर आणि वेळ लिहून घे. भावाने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवल्याने मुलाखत गेल्याचं मी स्वतः ऐकलंय.

काय लिहू नये हेही याच टप्प्यावर ठरवा. आधार, पॅन आणि पासपोर्टचे क्रमांक, बँक खातं, धर्म, आईवडिलांचा व्यवसाय यांतलं काहीच रेझ्युमेत लागत नाही. क्रमांक लागतील ते नेमणूक झाल्यावर. फोटो जाहिरातीत मागितला असेल तरच लावा. हॉटेलच्या फ्रंट ऑफिससाठी किंवा विमान कंपन्यांच्या ग्राउंड स्टाफसाठी तो अनेकदा मागतात.

३. ज्यांची नावं देणार, त्यांना आधी विचारा

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. रेझ्युमेच्या तळाशी कॉलेजच्या सरांचं किंवा जुन्या साहेबांचं नाव आणि नंबर घातलेला असतो, पण त्यांना याचा पत्ताच नसतो. कंपनीचा फोन गेल्यावर ते आठवत बसतात, "कोण बरं हा?"

पाठवण्याच्या निदान दोन-तीन दिवस आधी त्यांना फोन करा. कुठल्या पदासाठी अर्ज करताय, तुमच्या कुठल्या कामाबद्दल ते बोलू शकतील, हे सांगा आणि रेझ्युमेची एक प्रत त्यांनाही पाठवा. सध्याच्या नोकरीतल्या साहेबांचं नाव मात्र घालू नका. गोवा लहान आहे. कुंडईतल्या एका कारखान्याचा एचआर शेजारच्या कारखान्यातल्या एचआरला ओळखतो आणि सहज फोन करतो. नोकरीत असताना दुसरीकडे अर्ज करताय, तर "सध्याच्या ठिकाणी कृपया आत्ताच विचारणा करू नये" ही ओळ ईमेलमध्ये स्पष्ट लिहा.

४. जाहिरातीनुसार एक संध्याकाळ रेझ्युमेवर बसा

सगळ्यांना एकच रेझ्युमे पाठवणं हा आळस आहे आणि तो लगेच दिसतो. अख्खा रेझ्युमे नव्याने लिहायची गरज नसते, वरचा एक तृतीयांश भाग बदलला तरी पुष्कळ होतं.

एक उदाहरण घेऊ. बीकॉम झालेली डिचोलीची मुलगी. एक जाहिरात कुंडईच्या कारखान्यातल्या अकाउंट्स असिस्टंटची आहे, दुसरी कळंगुटच्या हॉटेलातल्या कॅशियरची. तिच्याकडे एका सीएच्या कार्यालयातला वर्षभराचा अनुभव आहे. कारखान्यासाठी पहिल्याच ओळींत टॅली, जीएसटीची विवरणपत्रं, ई-वे बिल, खरेदीची बिलं जुळवणं हे यायला हवं. शिवाय डिचोलीहून कुंडईला रोज कसं येणार याची एक ओळ हवी, कारण मालकाला पहिली काळजी तीच असते. स्वतःची दुचाकी असेल तर तसं लिहा. हॉटेलसाठी रोजचा हिशेब बंद करणं, रोख आणि कार्डचा मेळ, शिफ्टमध्ये आणि सणासुदीला काम करायची तयारी, आणि कोकणी, मराठी, हिंदी, इंग्रजी बोलता येणं हे वर यायला हवं. अनुभव तोच आहे, फक्त समोरच्याला जे आधी दिसायला हवं ते वर आलं.

नवख्यांनी एक पान, दहा-बारा वर्षं काम केलेल्यांनी फार तर दोन. साधी मांडणी ठेवा. पोर्टलवरचं सॉफ्टवेअर रेझ्युमे आपोआप वाचतं, आणि दोन रकाने, चौकटी, कौशल्यांपुढे काढलेले ठिपके अशा सजावटीत त्याचा गोंधळ होतो. फोन नंबर शिक्षणाच्या खान्यात जाऊन बसतो. फाइल पीडीएफ करा. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद असू द्या. "नवीन रेझ्युमे फायनल २" अशा नावाची फाइल डाउनलोड झाली की ती कुणाची हे शोधत बसावं लागतं.

तपासा: पीडीएफ स्वतःच्या दुसऱ्या ईमेलवर पाठवून मोबाईलवर उघडा. अक्षरं वाचता येतात का? ईमेल पत्त्यात एखादं अक्षर गळलं नाही ना? फोन नंबर बघून स्वतः डायल करा. हास्यास्पद वाटेल, पण एक अंक चुकलेला नंबर दिसायला अगदी बरोबर दिसतो.

५. आता वेळ ठरवा

ईमेलने किंवा पोर्टलवर पाठवायचं असेल, तर जाहिरात आल्यापासून पहिल्या दोन-तीन दिवसांत पाठवा. पुष्कळ खाजगी कंपन्या शेवटच्या तारखेपर्यंत थांबत नाहीत. पुरेसे बरे अर्ज आले की फोन करायला लागतात, आणि जागा एकच असेल तर मुदत संपायच्या आत ती भरलेली असते. पण म्हणून पहिल्या तासात पाठवायची धडपड नको. जाहिरात आज सकाळी वाचली, संध्याकाळी रेझ्युमे जुळवला, उद्या सकाळी पाठवला, हा वेग पुरे.

कामाच्या दिवशी सकाळी पाठवलेला ईमेल त्याच दिवशी नजरेखाली यायची शक्यता जास्त. शनिवारी दुपारनंतर पाठवलेला सोमवारच्या ढिगात जातो. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आठवड्यात तर पाठवूच नका. गोव्यात चवथीला दुकानं, कार्यालयं, छोटे कारखाने बंद असतात, माणसं गावी जातात आणि परतल्यावर साठलेली कामं आधी उरकतात. नाताळ ते नव्या वर्षाचा आठवडाही तसाच. मुदतच त्या दिवसांत संपत असेल, तर सणाच्या आधी पाठवून मोकळे व्हा.

वर्षातल्या महिन्यांचा विचार याहून महत्त्वाचा, कारण प्रत्येक धंद्याची माणसं घ्यायची वेळ ठरलेली असते.

हॉटेलं ऑक्टोबरात सुरू होणाऱ्या हंगामासाठी ऑगस्ट-सप्टेंबरातच माणसं बघायला लागतात. दिवाळीनंतर रेझ्युमे घेऊन कांदोळी-कळंगुटला फिरलात, तर उरलेल्या किंवा कुणी सोडून गेलेल्या जागा मिळतात. डिसेंबरच्या ऐन गर्दीत एचआरला तुमच्याशी बोलायला सवड नसते. मे-जूनमध्ये कायमच्या जागेसाठी विचारायला हरकत नाही, पण हंगामी जागेची अपेक्षा तेव्हा ठेवू नका.

सीएच्या कार्यालयांत जुलैपासून सप्टेंबरअखेरपर्यंत विवरणपत्रं आणि ऑडिटची घाई असते. मुदतवाढ मिळाली की ती आणखी लांबते. तिथे काम शिकायचं असेल तर एप्रिल-मे मध्ये भेटा, म्हणजे घाई सुरू होईतो तुम्ही थोडे तयार झालेले असता. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात गेलात तर कुणी मान वर करून बघणार नाही.

शाळांचं गणित अलीकडे बदललंय. पूर्वी जून डोळ्यापुढे ठेवून एप्रिल-मे मध्ये अर्ज करत. २०२५ साली सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग एप्रिलमध्येच सुरू झाले. म्हणजे शिक्षकांनी फेब्रुवारीपासून जाहिरातींवर लक्ष ठेवायला हवं आणि बीएडची कागदपत्रं त्याआधी जमवायला हवीत.

वेर्णा, कुंडई, बेतोडा, तुये, पिळर्ण इथल्या कारखान्यांत वर्षभर थोडीथोडी भरती चालू असते. तरी मार्चनंतर पगारवाढ आणि बोनस हातात पडला की काहीजण नोकरी बदलतात आणि त्यांच्या जागा एप्रिल ते जूनमध्ये निघतात. औषध कंपन्या अनुभवी लोकांसाठी थेट मुलाखती बऱ्याचदा शनिवार-रविवारी ठेवतात, म्हणजे नोकरीत असलेल्यांना येता येतं.

आणि निकाल न लागलेल्यांनी निकालाची वाट बघत बसू नये. शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा झाली की रेझ्युमे पाठवायला सुरुवात करा. आधीच्या सेमिस्टरचे गुण लिहा आणि शेवटच्यापुढे "निकाल प्रतीक्षेत" असं लिहा. निकाल लागेपर्यंत थांबणारे सगळे एकाच आठवड्यात एकाच दारावर उभे राहतात.

सावधान: "निकाल प्रतीक्षेत" हे खाजगी नोकरीत चालतं. सरकारी भरतीत जाहिरातीत सांगितलेल्या तारखेला पात्रता पूर्ण झालेली असावी लागते. ती अट वाचल्याशिवाय फी भरू नका.

६. ओळखीतून जाताना

गोव्यात खूप नोकऱ्यांची खबर जाहिरातीआधी माणसांकडून मिळते. शेजारचे दादा वेर्ण्याला सुपरवायझर आहेत, मामी पणजीच्या एका कार्यालयात आहेत, देवळातल्या उत्सवात कुणीतरी म्हणतं, "आमच्याकडे एक जागा आहे बघ." यात गैर काहीच नाही. पण सगळ्यात जास्त रेझ्युमे वाया जातात ते याच वाटेवर.

होतं असं. रेझ्युमे दादांच्या व्हॉट्सॲपवर जातो. तोही कागदाचा काढलेला फोटो, कडेला चादर दिसतेय, वर सावली पडलीय. दादा तो एचआरला फॉरवर्ड करतात, खाली एक शब्द नाही. एचआरला कळत नाही हा कोण, कशासाठी. पंधरा दिवसांनी खरंच जागा निघते, तेव्हा तो फोटो शंभर मेसेजच्या खाली गेलेला असतो.

त्याऐवजी असं करा. आधी दादांना फोन करा किंवा घरी जाऊन भेटा, आणि रेझ्युमे खिशातच राहू द्या. जागा खरंच आहे का, कुठल्या विभागात, माणूस कधीपर्यंत हवाय, रेझ्युमे कुणाच्या नावे आणि कुठे पाठवायचा, हे विचारा. मग विचारा, "दादा, अर्जात तुमचं नाव लिहिलं तर चालेल ना?" काहींना ते आवडत नाही आणि त्यांचा तो हक्क आहे. हो म्हणाले, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः कंपनीच्या ईमेलवर रेझ्युमे पाठवा, ईमेलमध्ये त्यांचं नाव आणि विभाग लिहा, आणि पाठवल्यावर दादांना कळवा. आता ते आत एक वाक्य बोलू शकतात, "त्याचा अर्ज आलाय, बघा जरा." ते वाक्य कामी येतं ते अर्ज आधीच पोचलेला असला तरच.

चार ओळखीच्या माणसांकडून एकाच कंपनीत चार वेळा रेझ्युमे जाऊ देऊ नका. एजन्सीमार्फत गेला असेल तर थेट पाठवू नका. हा उमेदवार नेमका कुणी आणला यावरून कंपनी आणि एजन्सीत वाद होतो आणि तुमचं नाव बाजूला पडतं.

सावधान: ओळखीच्या वाटेवर पैशांची गोष्ट निघाली की तिथेच थांबा. २०२४ च्या अखेरीस गोव्यात सरकारी नोकरीचं आमिष दाखवून लाखो रुपये उकळल्याच्या तक्रारी एकामागून एक पोलिसांत गेल्या. पैसे देणाऱ्यांत शिकलेली, नोकरदार माणसंही होती. मोप विमानतळाच्या नावाने "नोंदणी फी" मागणाऱ्यांनाही हाच नियम लावा. विमानतळावरच्या नोकऱ्या विमान कंपन्या, ग्राउंड हँडलिंग, सुरक्षा, दुकानं अशा वेगवेगळ्या मालकांच्या असतात. त्यामुळे "विमानतळावर लावतो" म्हणणाऱ्याला मालकाचं नाव विचारा. जहाजावर जाणाऱ्यांनी एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशांची भरती करण्याचा) परवाना आहे का, हे तपासल्याशिवाय सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) आणि पासपोर्टच्या प्रती देऊ नयेत. भरतीसाठी खलाशाकडून फी घ्यायला नियमानेच मनाई आहे.

७. ईमेल पाठवताना

रिकामा ईमेल आणि त्याला चिकटवलेली फाइल, असं चालत नाही. विषयात पद, तुमचं नाव आणि रुजू व्हायला लागणारे दिवस घाला. मजकूर बहुतेक ठिकाणी इंग्रजीत जाईल, पण मुद्दे हेच:

"कुंडई येथील अकाउंट्स असिस्टंट पदाच्या जाहिरातीनुसार अर्ज करत आहे. सीएच्या कार्यालयात एक वर्ष जीएसटी आणि टॅलीवर काम केलं आहे. राहायला डिचोलीत, स्वतःची दुचाकी आहे. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची सूचना द्यावी लागते. रेझ्युमे सोबत जोडला आहे."

पाच वाक्यं. मराठी माध्यमातून शिकलेली मुलं इथे अवघडतात आणि नेटवरून उचललेलं लांबलचक इंग्रजी पत्र चिकटवतात, ज्यात भलत्याच कंपनीचं नाव राहून गेलेलं असतं. स्वतःची साधी, छोटी वाक्यं कधीही बरी.

प्रमाणपत्रांचा गठ्ठा मागितल्याशिवाय जोडू नका. ते एका पीडीएफमध्ये तयार ठेवा. मागितलं की तासाभरात पाठवता यायला हवं. आणि फाइल आधी जोडा, पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धवट ईमेल चुकून सुटणार नाही.

८. थेट मुलाखत आणि गेटवर दिलेला रेझ्युमे

थेट मुलाखतीच्या जाहिरातीला आगाऊ ईमेल करायची गरज नसते, जाहिरातीत नोंदणी सांगितली असेल तर गोष्ट वेगळी. छापील रेझ्युमेच्या तीन प्रती न्या. एक नोंदणीच्या टेबलावर जाते, एक मुलाखत घेणाऱ्याकडे, एक तुमच्या हातात. सोबत मूळ कागद, त्यांच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स, आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. औद्योगिक वसाहतीत झेरॉक्सचं दुकान शोधत फिरायची वेळ आणू नका. काणकोण किंवा पेडण्याहून येणाऱ्यांनी आदल्या दिवशी बसचं गणित करावं. दहाच्या मुलाखतीला साडेदहाला पोचलात तर नोंदणी बंद झालेली असू शकते.

गेटवर वॉचमनकडे रेझ्युमे ठेवून येणं, ही पद्धत अजून चालू आहे. छोट्या कारखान्यांत ती कधी लागूही पडते, विशेषतः फिटर, वेल्डर, मशीन ऑपरेटर अशा आयटीआयवाल्यांना. पण नुसता कागद ठेवू नका. पाकिटावर ट्रेड आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा, एचआरचा ईमेल विचारून घ्या आणि त्याच संध्याकाळी तोच रेझ्युमे तिथेही पाठवा. जेवणाच्या सुट्टीत किंवा शिफ्ट बदलताना जाऊ नका. वॉचमन तेव्हा शे-दीडशे माणसांना आत-बाहेर सोडत असतो.

९. सरकारी भरतीत काय तयार ठेवायचं

गोवा लोकसेवा आयोग आणि गोवा कर्मचारी निवड आयोग या दोन्हींकडे अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. इथे वेळेचा प्रश्न रेझ्युमेचा नसून दाखल्यांचा असतो. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला मामलेदार कार्यालयातून मिळायला दिवस लागतात. जाहिरात आल्यावर अर्ज केलात तर तो मुदतीत हातात येईलच असं नाही. रोजगार विनिमय केंद्राचं कार्ड चालू आहे का, बघा. आरक्षण घेणाऱ्यांनी जातीच्या दाखल्याच्या अटी वाचाव्यात. कोकणीचं ज्ञान आवश्यक असतं आणि मराठीचं असल्यास उत्तम, असं जाहिरातीत लिहिलेलं असतं. मराठीतून शिकलेल्यांनी कोकणीचा भाग गृहीत धरू नये.

शेवटच्या दिवशी पोर्टल मंदावतं, पैसे कापले जातात आणि अर्ज अडकून राहतो. निदान चार दिवस आधी अर्ज भरून त्याची प्रत छापून ठेवा. कंत्राटी पदांच्या थेट मुलाखतींना मात्र सरकारी संस्थाही बायोडेटा मागतात, तिथे आठवा टप्पा लागू.

१०. पाठवल्यानंतर

एक वही करा: तारीख, कंपनी, पद, कुठल्या वाटेने पाठवला, रेझ्युमेची कुठली प्रत. फोन आला की आधी ती वही उघडा. "कुठल्या कंपनीतून बोलताय?" असं दोनदा विचारणारा उमेदवार समोरच्याच्या मनातून तिथेच उतरतो.

ईमेल पाठवल्यावर आठ-दहा दिवस थांबा, किंवा शेवटची तारीख दिली असेल तर ती उलटून आठवडाभर. मग त्याच ईमेलला उत्तर म्हणून दोन ओळी लिहा: अमुक तारखेला अर्ज केला होता, निवडीचं काम कुठवर आलंय? रेझ्युमे पुन्हा जोडा. रोज फोन, रोज मेसेज, रात्री व्हॉट्सॲपवर "सर, काय झालं?" हे टाळा. एकदा विचारून उत्तर आलं नाही तर पुढे चला. त्याच कंपनीत दुसरी जागा निघाली तर नव्याने अर्ज करा. तीच जागा पुन्हा जाहीर झाली तर मधल्या काळात काय शिकलात ते वर घालून पाठवा.

मुलाखतीला जाताना पाठवलेलीच प्रत छापून न्या. दरम्यान रेझ्युमे बदलला असेल, तर दोन्ही प्रतींत तारखा आणि पगाराचे आकडे वेगळे नाहीत ना, ते बघा.

नेमणुकीचं पत्र लेखी हातात येईपर्यंत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि बाकीचे अर्जही मागे घेऊ नका. पत्र आलं, पगार आणि रुजू व्हायची तारीख वाचली, होकार कळवला, की त्याच दिवशी वही काढून जिथे मुलाखत झाली आहे त्या प्रत्येक ठिकाणी दोन ओळींचा ईमेल करा की तुमचं नाव आता विचारात घेऊ नये. ज्या दादांनी शब्द टाकला होता, त्यांना मात्र ईमेल नको, फोन करा.